मदतीचे माप

रमजान जवळ आला की आमच्या मोहल्ल्यांमध्ये याद्या तयार होऊ लागतात. किती विधवा, किती यतीम, किती बेकार तरुण. जकात आणि फित्र्याची रक्कम जमते, जमातीची किंवा एखाद्या ट्रस्टची बैठक होते आणि वाटपाचा कार्यक्रम ठरतो. मांडव, खुर्च्या, पाहुणे, हार. मांडवाच्या एका बाजूला ओळीने मांडलेली शिलाई मशीन. विधवा म्हटली की शिलाई मशीन, हे समीकरण गेल्या काही दशकांत आमच्यात इतके पक्के झाले आहे की त्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही.

आमच्या ओळखीच्या एका बाईंना असेच एक मशीन मिळाले होते. त्यांना शिवणकाम येत नव्हते. डोळेही अधू झाले होते. हाताला मात्र चव होती. लग्नकार्यात शंभर-दीडशे माणसांचा स्वयंपाक त्या एकट्या उभ्या राहून करीत. त्यांना हवे होते दोन मोठे पातेले, एक भट्टी आणि गॅसच्या दोन टाक्या. पण ते कोणी विचारलेच नाही. महिन्याभरात मशीन अर्ध्या किमतीत विकले गेले. पुढच्या बैठकीत एक सदस्य म्हणाले, "या लोकांना काही द्यायची सोयच नाही, दिले की विकून खातात." त्या बैठकीत आम्हीही होतो आणि आम्ही गप्प बसलो, हेही येथे सांगितले पाहिजे.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घोळतो आहे. मदत माणसाला द्यायची की माणसाच्या वर्गाला? विधवा, यतीम, बेकार, अल्पसंख्य हे शब्द यादीसाठी सोयीचे आहेत. पण त्या शब्दामागे उभ्या असलेल्या माणसाला काय येते, काय हवे आणि काय नको, हे यादी सांगत नाही. आजकाल कल्याणकारी योजनांच्या चर्चेत 'व्यक्तीच्या गरजेनुसार सेवा' हा विचार नवा म्हणून मांडला जातो. आमचा इतिहास चाळला तर तो नवा नाही, असे दिसते. तो अनेकदा मांडला गेला, काही ठिकाणी अमलातही आला आणि तितक्याच वेळा विसरला गेला. कसा, ते थोडे तपशिलाने पाहू.

इस्लामी राज्यातील पहिली पद्धतशीर यादी हजरत उमर (रजि.) यांच्या काळातली. इ.स. 634 ते 644 हा त्यांच्या खिलाफतीचा काळ. राज्याचा विस्तार झाला, बैतुलमालमध्ये पैसा येऊ लागला, तेव्हा त्यांनी 'दिवाण' म्हणजे नोंदवही तयार केली आणि नावांनुसार वार्षिक तनखे ठरवून दिले. मुलांनाही तनखा होता, पण तो मूल अंगावरचे दूध सोडल्यानंतर सुरू होई. नियम सरळ होता आणि हिशेबाला सोपा होता.

इब्ने सअद यांनी नोंदवलेली एक रिवायत आहे. मदिनेबाहेर व्यापाऱ्यांचा काफिला उतरला होता. रात्री हजरत उमर अब्दुर्रहमान बिन औफ यांच्यासह पहाऱ्याला गेले. एक तान्हे मूल रडत होते. त्यांनी आईला मुलाकडे लक्ष द्यायला सांगितले. थोड्या वेळाने पुन्हा रडणे ऐकू आले, मग तिसऱ्यांदा. शेवटी त्यांनी रागावून कारण विचारले. आपण कोणाशी बोलतो आहोत हे त्या बाईला ठाऊक नव्हते. ती म्हणाली, मी त्याचे दूध तोडते आहे, कारण उमर दूध पिणाऱ्या मुलाला काही देत नाही. फजरच्या नमाजात हजरत उमर इतके रडत होते की मागच्यांना त्यांची किरात नीट ऐकू येईना. त्यानंतर मुनादी झाली की मुलांचे दूध घाईने तोडू नका, यापुढे प्रत्येक मुलाला जन्मापासून तनखा मिळेल.

ही रिवायत आमच्याकडे खलिफाच्या दयाळूपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण तिच्यात राज्यकारभाराचाही एक धडा आहे. नियम चांगल्या हेतूने केला होता आणि तरी तो तान्ह्या मुलांना उपाशी ठेवत होता. हे दिवाणाच्या वहीतून कधीच कळले नसते, कारण वहीत सगळे बरोबरच होते. ते कळले एका बाईशी बोलल्यावर. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हजरत उमरनी त्या एकाच मुलाला खास सवलत देऊन प्रश्न मिटवला नाही. एका माणसाच्या अडचणीवरून त्यांनी नियमच बदलला.

जकातीचे आठ हक्कदार कुरआनच्या सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत आले आहेत. फकीर, मिसकीन, जकातीचे काम करणारे, ज्यांची मने जोडायची ते, गुलामगिरीतून सुटू पाहणारे, कर्जदार, अल्लाहच्या मार्गातले आणि मुसाफिर. हीही एक यादीच. पण या यादीत दारिद्र्याची एकच जात धरलेली नाही. कर्जात बुडालेल्याची गरज वेगळी, परमुलखात पैसे संपलेल्या मुसाफिराची वेगळी. घरी श्रीमंत असलेला मुसाफिरही वाटेत जकातीला पात्र ठरतो. म्हणजे माणूस कोण आहे यापेक्षा तो आज कोणत्या अडचणीत आहे, हे पाहिले गेले.

पण प्रत्येकाला किती द्यायचे? येथे फिकहच्या विद्वानांत मतभेद झाले. हनफी मताप्रमाणे एका माणसाला निसाबाइतकी, म्हणजे दोनशे दिरहम किंवा त्याहून जास्त जकात देणे मकरूह समजले गेले. तो कर्जदार किंवा कुटुंबवत्सल असेल तर गोष्ट वेगळी. शाफई विद्वानांनी निराळे माप धरले. सीरियातील नवा या गावचे इमाम नववी यांचे निधन इ.स. 1277 मध्ये झाले. त्यांच्या 'अल-मजमू' या ग्रंथात ही चर्चा सविस्तर आली आहे. तिचा सारांश असा : ज्याच्या हाती कसब आहे त्याला त्या कसबाची हत्यारे घेता येतील इतके द्यावे, मग ती स्वस्त असोत की महाग. ज्याला व्यापार जमतो त्याला त्याच्या व्यापाराला पुरेल इतके भांडवल द्यावे. भाजी विकणाऱ्याला पाच-दहा दिरहम पुरतील, जवाहिऱ्याला दहा हजारही लागतील. नानवाई, अत्तार, सराफ यांचे माप ज्याच्या त्याच्या धंद्यावरून. शिंपी, सुतार, खाटीक यांना आपापली हत्यारे. आणि ज्याला कसबही नाही, व्यापारही जमत नाही, त्याच्या उरलेल्या आयुष्याची सोय होईल, असे काही उत्पन्नाचे साधन.

या यादीत शिंपी आहे, हे वाचताना आम्हाला आमच्या मांडवातली मशीन आठवली. नववींच्या हिशेबात मशीन शिंप्याला मिळाले असते. स्वयंपाकीण बाईंना पातेली मिळाली असती. कोकणातले मुसलमान शतकानुशतके शाफई आहेत. म्हणजे हा विचार आमच्याच घरातला, आमच्याच मदरशांत शिकवला जाणारा. तरीही गावोगावच्या जमातींत वाटप होते ते सर्वांना सारखे : इतके किलो तांदूळ, इतके तेल, एक साडी. सारखे वाटले की कोणी बोट दाखवत नाही, हे त्यामागचे व्यावहारिक शहाणपण. देणाऱ्याची त्यात सोय होते. घेणाऱ्याची होते की नाही, हे कोणी पाहत नाही.

ग्रंथातला विचार राज्यकारभारात उतरल्याचे एक ठळक उदाहरण आपल्याच देशातले आहे. दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक. राज्यकाल 1351 ते 1388. त्याच्या कारकिर्दीचा इतिहास शम्स सिराज अफीफ याने 'तारीखे फिरोजशाही'त लिहिला आहे. अफीफ सांगतो की सुलतानाने दिल्लीच्या कोतवालाला शहरातले बेकार लोक शोधून काढण्याचा हुकूम दिला. कोतवालाने मोहल्लेदारांना बोलावले आणि त्यांच्याकडून चौकशी केली. मोहल्लेदार कशाला? कारण बऱ्या घरची माणसे आपली तंगी लाजेने सांगत नसत. ती शेजाऱ्यालाच ठाऊक असते.

सापडलेल्या माणसांना सुलतानासमोर आणले जाई. मग प्रत्येकाचे बघून काम ठरे. लिहिता-वाचता येणारा 'अहले कलम' असेल तर त्याला शाही कारखान्यात लावले जाई. व्यवहारात हुशार असेल तर वजीर खानेजहानकडे सोपवले जाई. एखाद्याने अमुक अमीराच्या पदरी राहायचे आहे असे म्हटले, तर सुलतान त्या अमीराला स्वतः शिफारस करी. चौदाव्या शतकातले हे रोजगार खाते. आजच्या सेवायोजन कार्यालयांत नाव, वय, शिक्षण, नोंदणी क्रमांक विचारतात. फिरोजशाहच्या दरबारात आणखी दोन प्रश्न होते : तुला काय येते? आणि तुला कोठे जायचे आहे?

त्याचे दुसरे खाते 'दिवाने खैरात'. लग्नाच्या वयाच्या मुली घरात आणि हाती पैसा नाही, अशा गरीब मुसलमानांनी तेथे अर्ज करायचा. चौकशी होई आणि परिस्थिती पाहून पन्नास, तीस किंवा पंचवीस टंके मिळत. तिसरे खाते 'दारुश्शिफा'. तेथे हकीम, औषधे आणि रुग्णाचे खाणेही सरकारी खर्चाने.

येथवरचा इतिहास आमच्या सभांमधून अभिमानाने सांगितला जातो. पुढचा सांगितला जात नाही. तो आम्हाला सांगायचा आहे, कारण तो सोडला तर ही सगळी गोष्ट खोटी ठरते.

याच फिरोजशाहने ब्राह्मणांवर जिझिया बसवला. तोवर त्यांना त्यातून सूट होती. ब्राह्मणांनी राजवाड्यासमोर उपोषण केले, तरी तो हटला नाही. शेवटी दिल्लीतल्या इतर हिंदूंनी त्यांचा भार उचलायची तयारी दाखवली आणि दरही खाली आणावा लागला. या जिझियाच्याही तीन पायऱ्या होत्या : चाळीस, वीस आणि दहा टंके. म्हणजे ऐपत पाहून माप ठरवण्याची कला देण्यासाठी वापरली गेली, तशी घेण्यासाठीही. गुलामांची गोष्ट आणखी बोलकी आहे. अफीफच्या म्हणण्याप्रमाणे फिरोजशाहच्या पदरी 1 लाख 80 हजार गुलाम होते आणि त्यांच्यासाठी वेगळे खाते होते. त्यांच्यातल्या बारा हजारांना निरनिराळी कसबे शिकवून कारागीर केले होते. कोणी कुरआन पाठ करी, कोणी ग्रंथांच्या नकला करी. प्रत्येकाचा कल बघितला जाई. फक्त एक प्रश्न त्यांना विचारला जात नसे : तुला येथे राहायचे आहे का?

म्हणून आम्हाला वाटते, माणूस पाहून मदत करणे ही चांगली गोष्ट असली तरी पुरेशी नाही. दाराच्या आत आल्यावर प्रत्येकाचे माप काळजीने घेतले जाते, पण दारातून आत कोणाला घ्यायचे हे मात्र समूह पाहून ठरते. फिरोजशाहच्या दिल्लीचे हेच झाले. आणि दख्खनचेही.

बहमनी सुलतान दुसरा महंमदशाह 1378 ते 1397 या काळात गादीवर होता. विद्येचा शौकीन, लढाया टाळणारा. फरिश्ता सांगतो की त्याने यतीम मुलांसाठी गुलबर्गा, बीदर, कंधार, एलिचपूर, दौलताबाद, चौल आणि दाभोळ येथे शाळा काढल्या. मुलांचे शिक्षण, राहणे आणि जेवण सरकारी खर्चाने. अंधांना वेगळा तनखा. या सात नावांपैकी पाच आजच्या महाराष्ट्रातली आहेत. नांदेड जिल्ह्यातले कंधार, अमरावतीतले अचलपूर, देवगिरीचे दौलताबाद, रायगडातले चौल, रत्नागिरीतले दाभोळ. आमच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत या गावांचे किल्ले आणि बंदरे येतात, या शाळा येत नाहीत.

याच काळात दख्खनमध्ये दुष्काळ पडला. सुलतानाने माळवा आणि गुजरातकडे बैलांचे मोठे तांडे पाठवून धान्य आणवले आणि ते स्वस्तात विकायला काढले. दुष्काळात लांबून धान्य आणून भाव खाली ठेवायचा, हे शहाणपण त्या राजाला होते. पण सर वुल्सली हेग यांनी 'केंब्रिज हिस्टरी'त नोंदवले आहे की हे स्वस्त धान्य फक्त मुसलमानांना मिळत होते. हेग यांचा दृष्टिकोन वसाहतकालीन आहे, असे म्हणून आम्ही ही ओळ बाजूला सारू शकलो असतो. पण तेवढ्याने प्रश्न संपत नाही. धान्याच्या गोणीपाशी उभ्या असलेल्या भुकेल्या कुणब्याला माप नव्हते, हे खरे असेल तर यतीमांच्या सात शाळा त्याची भरपाई करीत नाहीत.

इस्लामी परंपरेला हे दार उघडायचे ठाऊक नव्हते, असेही नाही. हारून रशीदच्या काळातले काजी अबू यूसुफ यांनी 'किताबुल खराज'मध्ये हजरत उमरांची आणखी एक हकीकत दिली आहे. एक म्हातारा, आंधळा माणूस दारोदार भीक मागत होता. चौकशी केल्यावर तो यहुदी असल्याचे कळले. जिझिया, गरज आणि म्हातारपण यामुळे आपण मागतो, असे तो म्हणाला. हजरत उमर त्याचा हात धरून त्याला घरी घेऊन गेले, घरातले काही दिले आणि बैतुलमालच्या अधिकाऱ्याला निरोप धाडला : याच्याकडे आणि याच्यासारख्यांकडे बघा. ज्याच्या तारुण्यात आपण त्याच्याकडून घेतले, त्याला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणे हा न्याय नव्हे. त्यांनी त्याचा आणि त्याच्यासारख्यांचा जिझिया माफ केला. जकातीच्या आयतीतला 'मिसकीन' हा शब्द त्यांनी या यहुद्यालाही लावला. यादी तीच होती, पण समोर माणूस उभा राहिल्यावर तिचा अर्थ मोठा झाला.

समूहाचे नाव घेतले की मदत अन्यायाचीच होते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. महाराष्ट्रात तसे म्हणता येणारही नाही. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी 1901 पासून जातीजमातींची वसतिगृहे उभी केली आणि 1906 मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांसाठीही सोय केली. ज्यांना दाराबाहेर ठेवले होते त्यांच्यासाठी दार कोणाच्या नावाने उघडायचे, हे सांगावेच लागते. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा 2006 चा अहवाल आणि महाराष्ट्र शासनाने 2008 मध्ये नेमलेल्या डॉ. महमूदुर रहमान समितीचा 2013 चा अहवाल यांनी हेच काम केले. देशाच्या सरासरीत लपलेले आमचे मागासलेपण त्यांनी आकड्यांत दाखवले. आकडे नसते तर आमचे गाऱ्हाणे गाऱ्हाणेच राहिले असते. समूहाचे नाव दार उघडण्यासाठी हवे. दार उघडल्यावर त्याच नावाने आतल्या माणसाला झाकून टाकायचे नसते.

असे झाकून टाकणे काय असते, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे. इंदूरच्या शाहबानो. 1932 मध्ये लग्न, पाच मुले, 1975 मध्ये घराबाहेर, 1978 मध्ये तलाक. वय बासष्टच्या आसपास. उच्च न्यायालयाने त्यांना मंजूर केलेली पोटगी दरमहा 179 रुपये 20 पैसे. एका वृद्ध बाईच्या पोटाचे ते माप होते. 23 एप्रिल 1985 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले आणि देशभर वादळ उठले. शरीयत, अस्मिता, समान नागरी कायदा, मतपेढी. या सगळ्या गदारोळात 179 रुपये 20 पैशांबद्दल कोणी बोलेना. एका बाजूला त्या 'मुस्लिम समाज' झाल्या आणि दुसऱ्या बाजूला 'पीडित मुस्लिम स्त्री'. शाहबानो कोणालाच नको होत्या. दबावाखाली त्यांनी आपला हक्क सोडला.

1986 चा कायदा आला. तलाकपीडितेला सांभाळणारे नातेवाईक नसतील तर न्यायदंडाधिकारी वक्फ बोर्डाला पोटगी द्यायला सांगू शकतो, अशी त्यात तरतूद होती. आमच्या पूर्वजांनी लाखो एकर जमीन गोरगरिबांसाठी वक्फ केली, तेव्हा ही तरतूद म्हणजे जुन्या परंपरेचे पुनरुज्जीवन ठरू शकले असते. पण अशा बाईला वक्फ बोर्डाच्या कचेरीत कोणी खुर्ची देऊन 'तुला काय हवे' असे विचारत असेल, असे मानायला आम्ही धजत नाही. 2001 मध्ये डॅनियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा अर्थ स्त्रीच्या बाजूने लावला. इद्दतीच्या मुदतीतच तिच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद नवऱ्याने केली पाहिजे, असे सांगितले. उरलेल्या आयुष्याची सोय, हे माप नववींच्या ग्रंथात सातशे वर्षांपूर्वी होते. संदर्भ वेगळा, पण विचार तोच. 2024 मध्ये न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 125 ची वाट तलाकशुदा मुस्लिम स्त्रीलाही खुली आहे. शाहबानो 1978 मध्ये याच वाटेने न्यायालयात गेल्या होत्या. मधली सेहेचाळीस वर्षे आम्ही त्यांच्या नावाने भांडलो.

सरकारने काय करावे यावर आमच्याकडे सभा होतात, ठराव होतात आणि ते व्हायलाच हवेत. शिष्यवृत्त्या बंद पडतात, योजनांचा पैसा खर्च न होता परत जातो, त्यावर बोललेच पाहिजे. पण जकात आमची आहे. तिच्या यादीवर कोणत्याही सरकारची सही लागत नाही. तेथे आम्हाला कोणी अडवलेले नाही.

मग येत्या रमजानच्या आधी एवढे करता येईल. यादी करणाऱ्याने मांडवाची तारीख ठरवण्यापूर्वी आठ दिवस घरोघर जावे. फिरोजशाहच्या कोतवालाप्रमाणे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारावे, कारण लाजरी माणसे स्वतः येत नाहीत. कागदावर नाव आणि वयाच्या पुढे दोन रकाने वाढवावेत : काय येते आणि काय हवे. पाच जणांना सारखे देण्यापेक्षा पाच जणांना पाच वेगळ्या गोष्टी द्याव्यात. त्यावरून कुरकुर होईल, ती सोसावी. आणि त्या गल्लीत एखादे घर आमच्या जमातीतले नसेल, तर तेथेही दार वाजवावे. जकातीतून द्यावे की इतर खैरातीतून, हा मसला आलिमांना विचारता येईल. दार वाजवायला फतवा लागत नाही.

त्या स्वयंपाकीण बाई आता हयात नाहीत. शेवटपर्यंत त्या दुसऱ्यांच्या पातेल्यांत, दुसऱ्यांच्या भट्टीवर, रोजाने रांधत राहिल्या. त्यांच्या नावापुढे आमच्या जुन्या वहीत अजूनही 'मशीन दिले' अशी नोंद आहे आणि तिच्यापुढे बरोबरची खूण आहे. ती खूण आम्हीच केली होती.